कमलाबाई गोखले : रंगभूमी ते रुपेरी पडदा
भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कमलाबाई गोखले (जन्म १९००) यांची नोंद प्रामुख्याने आद्य स्त्री-कलावंत म्हणून होते. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली. पुढील 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र कमलाबाई मोहिनी, तर त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या. दोघीही मूळच्या रंगभूमीवरील असल्याने लोकापवादाचे भय त्यांनी आधीच ओलांडले होते. वैधव्यानंतर कमलाबाईंनी मुलांचे संगोपनही अभिनयाच्याच बळावर केले. पुत्र चंद्रकांत व नातू विक्रम गोखले यांनी हा वारसा पुढे नेला. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन एका चित्रपटापुरते मर्यादित ठेवणे अपुरे ठरते.