सात विरुद्ध दोन: टिळकांवरच्या निकालाची खरी गोष्ट

1 ऑगस्टला कर्जत-खालापूरच्या शाळांतून टिळकांवर भाषणं होतात. त्यांत 1908 चा राजद्रोहाचा खटला येतो आणि त्याला चिकटलेले गैरसमजही येतात.

सगळ्यांत पक्का गैरसमज म्हणजे ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क’ हे टिळक कोर्टात म्हणाले. ही घोषणा होमरूल चळवळीच्या काळातली, 1916 च्या सुमाराची. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात ते म्हणाले ते असं: ज्यूरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, या न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती जगात आहेत. जिनांनी त्यांचा खटला लढवला, हेही तितकंसं खरं नाही. जिनांनी जामीन मागितला, तो फेटाळला गेला. बचावाचं भाषण टिळकांनी स्वतःच, कित्येक दिवस केलं.

ज्यूरीचा निर्णय एकमताचा नव्हता. नऊ जणांत सात युरोपीय होते, दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. ज्यांवरून खटला भरला ते ‘केसरी’तले लेख मराठी, आणि त्यांचा निवाडा झाला इंग्रजी भाषांतरावरून. लोकांना हेच डाचत होतं, आणि ते रास्तच होतं.

‘मग न्यायमूर्ती दावर तरी काय करणार?’ पुष्कळ करता आलं असतं. सहा किंवा अधिक ज्यूरर एका मताचे असले तरी न्यायाधीशाची सहमती लागे. ती नसेल तर ज्यूरी बरखास्त होई. दावरांनी बहुमत मान्य केलं आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. याच दावरांनी 1897 मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता!

नंतर मुंबईत जे घडलं त्याला नुसती दंगल म्हणणं अन्याय आहे. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, अशा हिशेबाने गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. कामगार संघटनांचा कायदा आला 1926 मध्ये. 1908 मध्ये त्यांच्या पाठीशी काहीच नव्हतं. मजुरी बुडाली, लष्कराने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली; आपल्या भाषणांत मात्र या कामगारांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येतं.

आणि ती ज्यूरी? आज कर्जतच्या काय, देशातल्या कुठल्याच फौजदारी कोर्टात ज्यूरी बसत नाही. मुंबईतल्या गाजलेल्या नानावटी खून खटल्याबरोबर ती एका फटक्यात संपली, असंही नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला उरलीसुरली जागाही ठेवली नाही.