आवाज फाटत नाही, तिथेच फसगत

महागडे टॉवर स्पीकर ऐकायला दुकानात जाणारा रॉकप्रेमी बहुधा आपली गाणी सोबत घेऊनच जातो. लेड झेपलिन, एसी/डीसी, मेटॅलिका. विक्रेता आवाज वाढवत नेतो आणि गिऱ्हाईक थक्क होतं. घरच्या जुन्या स्पीकरवर एव्हाना गिटार किरकिरायला लागली असती, ड्रमसोबतच्या झांजा पत्र्यासारख्या वाजल्या असत्या. इथं मात्र ड्रमचा ठोका छातीवर आदळतो आणि गायकाचा शब्द न् शब्द कळतो. ‘एवढा मोठा आवाज, पण त्रास अजिबात नाही!’ कौतुकाचा हा शेरा स्पीकरपुरता खरा आहे. कानाच्या बाबतीत तो धोक्याचा आहे.

आवाज फार मोठा झालाय, हे आपल्याला नुसत्या त्याच्या जोरावरून कळत नाही. आवाज फाटू लागला की मूळ गाण्यात नसलेले कर्कश स्वर त्यात मिसळतात, ते टोचतात आणि हात आपोआप व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो. साधा स्पीकर असा नकळत पहारा देत असतो. उत्तम स्पीकर ९५ डेसिबललाही फाटत नाही, त्यामुळे तो पहारा उठतो. कानाच्या आतल्या पेशींना मात्र आवाज स्वच्छ की फाटका याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. किती जोराचा आणि किती वेळ, एवढाच त्यांचा हिशोब.

या पेशी असतात अंतर्कर्णातल्या गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, म्हणजे कॉक्लियात. एका कानात साधारण १५ हजार. त्यांच्या टोकांवरच्या सूक्ष्म केसांमुळे त्यांना केशपेशी म्हणतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होतात आणि सकाळी मोकळे होतात, म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असंच बरीच वर्षं मानलं जाई. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली होती, केशपेशीही शाबूत होत्या. पण त्यांना मेंदूकडे जाणाऱ्या नसेशी जोडणारे बरेच सांधे कायमचे गेले होते. माणसात हे किती प्रमाणात घडतं यावर अजून संशोधन चालू आहे. तरी ‘सकाळी बरं वाटलं’ हा दाखला आता पूर्वीइतका भरवशाचा उरलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८९ ला पाच तास, आणि ९५ ला फक्त सव्वा तास. तोही आठवडाभराचा! जुन्या दोन एलपी लागोपाठ ऐकल्या की कोटा संपला.

रॉकच्या जगात एके काळी ही अभिमानाची बाब होती. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमात ३२ मीटरवर १२६ डेसिबलची नोंद झाली आणि ‘जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड’ म्हणून गिनेस बुकात त्यांचं नाव गेलं. कानांचं नुकसान करण्याची स्पर्धा नको म्हणून गिनेसने पुढे हा विक्रमच बंद केला. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्या ऐकण्यावर परिणाम झाला, पण त्याने स्वतः दोष दिला तो मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोन्सना. मैदानातल्या भिंतीएवढ्या स्पीकर्सपेक्षा रोजचं, एकट्यानं, आवडीनं ऐकणं महागात पडलं, ही गोष्ट घरी स्पीकर घेणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग मोठे स्पीकर घ्यायचेच नाहीत? उलट, नीट निवडले तर तेच कानाला बरे पडतात. आपण आवाज वाढवतो त्याचं एक कारण बेस असतं. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज हळू केला की कानाला खालचे स्वर इतर स्वरांपेक्षा जास्त क्षीण वाटू लागतात. बेस गिटार हरवते, ड्रम पोकळ वाटतो, म्हणून बटण फिरतं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’चं बटण याच कारणासाठी असायचं, आणि ते गायब झालं हे काही फार चांगलं झालं नाही. खालचे स्वर भरदार देणारा टॉवर स्पीकर मध्यम आवाजातही गाण्याचा भरीवपणा बराचसा टिकवतो. त्यामुळे दुकानात आवाज वाढवायला नव्हे, कमी करायला सांगावं. शेजारच्या माणसाशी थोडा आवाज चढवून बोलता येईल इतपत. तेव्हाही जो स्पीकर जिवंत वाटतो, तो घरी आणण्याजोगा.

दोन स्पीकर्सची तुलना करताना दोघांचा आवाज मोजून सारखा करून घ्यावा. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर ‘जास्त चांगला’ वाटतो, हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं.

कागदावर पाहायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. ८ ओहमच्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, ते हा आकडा सांगतो. घरगुती टॉवरमध्ये तो बहुधा ८५ ते ९० असतो. क्लिप्शसारख्या कंपनीच्या भोंग्याच्या रचनेच्या मोठ्या स्पीकरमध्ये १०० च्या पुढेही जातो. ८७ ची जोडी साध्या दिवाणखान्यात तीन मीटरवरून ऐकली, तर सरासरी ८५ डेसिबलसाठी प्रत्येकी एक-दोन वॉट पुरतात. मात्र ड्रमचा ठोका सरासरीपेक्षा १५ डेसिबल वर उसळू शकतो, आणि त्या क्षणी सुमारे ३० पट, म्हणजे चाळीस-पन्नास वॉट लागतात. ९७ च्या स्पीकरला याच्या दहाव्या हिश्शात भागतं. स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम शंभरावा भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. तापलेल्या तारेचा रोध वाढतो आणि ठोके दबतात. टॉवरमध्ये अनेक वूफर हा भार वाटून घेतात. ही वरची ताकद त्या क्षणभराच्या ठोक्यांसाठी राखून ठेवायची असते, तासन् तास खर्चायची नसते.

खोलीचा विचार बहुतेक जण स्पीकर घरी आल्यावर करतात. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये घुमतो, म्हणजे नेमका बेस गिटारच्या खालच्या सुरांचा पट्टा. एवढ्या खोलीत भलामोठा टॉवर कोपऱ्यात कोंबला तर बेस गढूळ होतो, गायक ऐकू येईना म्हणून पुन्हा आवाज वाढतो. हाच बेस भिंत ओलांडून शेजाऱ्यांकडेही जातो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

आणखी एक गोष्ट वयाची. असे स्पीकर परवडतात तोवर अनेकांची पन्नाशी आलेली असते. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते. वयामुळे होणारी त्याहून वरच्या स्वरांत. अशा कानाला झगझगीत, टोकदार आवाजाचा स्पीकर ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. तो आणला की घरातली तरुण मंडळी कानांवर हात ठेवतात. म्हणून लाखांची खरेदी ठरवण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. खर्च स्पीकरच्या तारांहूनही कमी येईल. कानात सतत गुंई असा आवाज येत असेल, किंवा गर्दीत बोलणं समजत नसेल, तर ही तपासणी टाळूच नये.

स्पीकर घरी लागले की पहिल्याच दिवशी नेहमीच्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर मीटर धरावा. अमेरिकेतल्या ‘निऑश’ या संस्थेचं आयफोनसाठीचं मोफत अ‍ॅप या कामाला चालतं. नेहमीचं गाणं लावून सरासरी ८५ डेसिबल येईल तिथं व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवावा. दुसरा तुकडा ९५ वर, आणि त्यावर पेनाने लिहावं : ‘सव्वा तास’.