‘डॉग डेज’ : नावातला कुत्रा आकाशातला!

भर उन्हाळ्यातल्या काहिलीच्या दिवसांना इंग्रजीत ‘डॉग डेज’ म्हणतात. परंपरेने ते ३ जुलै ते ११ ऑगस्ट. मंदीच्या काळालाही हाच शब्द वापरतात. मुलांनी विचारले तर ‘कुत्री पिसाळण्याचे दिवस’ असे सांगून मोकळे होऊ नका. आपल्याकडे व्याध म्हणतात तो तारा ग्रीक व रोमन लोक ओरायन या शिकाऱ्याचा कुत्रा मानीत. या दिवसांत तो पहाटे सूर्याआधी उगवे. त्याच्या उष्णतेची सूर्याला भर पडते, म्हणून उकाडा वाढतो, कुत्री पिसाळतात, असा त्यांचा समज होता.

वास्तविक हा तारा ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. उन्हाळा होतो तो पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि कुत्रे पिसाळते ते विषाणूमुळे. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या ९ वर्षांच्या मुलाला ६ जुलै १८८५ रोजी, म्हणजे ‘डॉग डेज’मध्येच, लुई पाश्चर यांची लस टोचण्यात आली व तो वाचला. तेव्हा ऋतू कोणताही असो, कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि तडक दवाखाना गाठा. चुना-मिरची व मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नका.