कलमाचा शेंडा का आणि कुठे कापायचा?

मंडळी, ३ जून २०२० आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि मुरूड-श्रीवर्धनपर्यंत नारळ, सुपारी, आंबा आडवा झाला. त्यानंतर आपण पुन्हा हापूसची कलमं लावली. पुढच्या वाऱ्यात ती कितपत तग धरतील, हे बरंचसं पहिल्या तीन वर्षांत ठरतं.

कलम सरळ वर चाललं की आपल्याला बरं वाटतं. पण शेंड्यात ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं. ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा काढला की डोळे जागे होतात, बाजूला धुमारे फुटतात.

कापायचं कधी? कलम कमरेएवढं झालं, पालवी जून झाली आणि पाऊस ओसरला की. भर पावसात जखमेतून बुरशी शिरते.

कुठे? जमिनीपासून साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर. आता नीट बघा, आंब्याच्या शेंड्याला पानांचा दाट घेर असतो. घेराच्या वर कापलं तर एकाच जागेवरून पाच-सहा धुमारे येतात आणि सगळा भार एका बिंदूवर पडतो. म्हणून घेराच्या खाली, पानं सुटी आहेत तिथे कापायचं.

धुमारे आले की तीन-चारच ठेवायचे. वेगवेगळ्या दिशांचे, एकमेकांपासून थोडे वर-खाली. खोडाला चिकटून उभी जाणारी फांदी नको. तिच्या बेचक्यात साल अडकते, लाकूड एकजीव होत नाही आणि फळांच्या भाराने किंवा वाऱ्याने ती तिथेच चिरते. कलमाच्या जोडाखालचं फुटवं मात्र दिसेल तेव्हा काढा, तो हापूस नव्हे, खालचा रायवळ आहे.

सिकेटर धारदार आणि स्वच्छ हवा. मोठ्या जखमेला बोर्डोपेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. भांडं लोखंडाचं नको.

पहिली तीनेक वर्षं मोहोरही खुडायचा. इथे हात अडखळतो, आमचाही अडखळतो. वादळानंतर इतकी वाट पाहिलेली असते! पण दोन-चार आंब्यांसाठी झाडाचा सांगाडा कच्चा ठेवणं परवडत नाही. उद्या सकाळी वाडीत जाल तेव्हा आधी बेचकी तपासा.