जुने प्लेस्टेशन घेताना

एखाद्या वस्तूचे उत्पादन बंद झाले की तिची मागणीही हळूहळू ओसरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. जपानच्या सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन २’ हे व्हिडिओ गेम यंत्र त्याला अपवाद ठरले. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या या यंत्राचे उत्पादन थांबल्याचे जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाले. तोवर जगभरात १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचा पालिका बाजार, बंगळूरचे नॅशनल मार्केट अशा ठिकाणी आजही त्याची चौकशी होते. चौकशी करणाऱ्यांत, एकेकाळी तासाचे पैसे मोजून गेम पार्लरमध्ये खेळलेले आणि आता कमावते झालेले तरुण असतात. तसेच इंटरनेटवाचून चालणारे आणि खेळता खेळता पुन्हा पुन्हा पैसे न मागणारे खेळ मुलांना मिळावेत, असे वाटणारे पालकही असतात.

दोघांची इच्छा रास्त आहे. अडचण इतकीच की, ज्या यंत्राचे उत्पादन थांबले त्याची हमी द्यायला कोणी उरत नाही. काउंटरवर ठेवलेले यंत्र कितीही पुसून चकचकीत केलेले असले, तरी ते बहुधा कोणीतरी वर्षानुवर्षे वापरलेलेच असते. तारण मालमत्तेचे मूल्यांकन करताना बँकेचा अधिकारी इमारतीचे वय आणि तिची स्थिती या दोन बाबी स्वतंत्रपणे तपासतो. येथेही वय सर्वांचे सारखेच असल्याने पाहायची ती स्थिती.

मात्र त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, तो म्हणजे नेमके कोणते खेळ खेळायचे आहेत? २००४ साली आलेला ‘जीटीए सॅन अँड्रियास’ हाच हवा असेल, तर तो पुढे मोबाइल फोनवरही उपलब्ध झाला; त्यासाठी जुने यंत्र घरात आणण्याचे कारण नाही. याउलट ‘क्रिकेट ०७’ हा खेळ संगणक आणि प्लेस्टेशन २ यांच्यासाठीच निघाला. भारतात तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’, तसेच विटीदांडू व कबड्डीसारखे आपले खेळ पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ हे दोन्ही २००९ साली याच यंत्रासाठी आले. २०११ मध्ये ‘रा.वन’ चित्रपटावर आधारित खेळ निघाला तेव्हाही प्लेस्टेशन २ ची आवृत्ती काढण्यात आली. यंत्राला तेव्हा अकरा वर्षे झाली होती! आणखी एक लाभ असा की, १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही यात चालतात. खेळांची यादी कागदावर उतरली म्हणजे यंत्र घ्यावे की नाही, हे बहुतेक वेळा आपोआपच ठरते.

यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिला जाड, वजनदार आणि खणासारख्या बाहेर येणाऱ्या ट्रेचा. दुसरा २००४ पासून आलेला सडपातळ, वरचे झाकण उघडून डिस्क बसविण्याचा. बाजारात यांना ‘फॅट’ आणि ‘स्लिम’ या नावांनीच ओळखतात. हार्ड डिस्क बसविण्याची हौस नसेल, तर सामान्य कुटुंबाने स्लिम घेणे सोयीचे. तो जागा कमी व्यापतो आणि वयानेही तुलनेने लहान असतो.

प्रकार ठरला की यंत्र उलटे करून मागची माहितीपट्टी वाचावी. अनेक ग्राहक ही पट्टी पाहतच नाहीत, आणि नुकसान नेमके तेथेच होते. जपानमधील जाड यंत्र १०० व्होल्टवर, तर अमेरिकेतील १२० व्होल्टवर चालण्यासाठी बनविलेले आहे. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. असे यंत्र थेट सॉकेटला जोडले, तर आतील पॉवर सप्लाय जळण्याचा धोका असतो. वीजदाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हटल्यास तो खर्च आणि त्याचे ओझे दोन्ही वाढतात. स्लिम यंत्रांपैकी बऱ्याच प्रकारांना वेगळा अडॅप्टर असतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असल्यास चिंता नाही. मात्र अगदी शेवटच्या स्लिम प्रकारात पॉवर सप्लाय पुन्हा आतच गेला, त्यामुळे तेथेही पट्टी वाचणे आलेच.

त्याच पट्टीवरील मॉडेल क्रमांकावरून यंत्र कोणत्या देशासाठी बनले, याचाही अंदाज येतो. प्लेस्टेशन २ च्या डिस्क जपान, अमेरिका आणि युरोप अशा गटांत विभागलेल्या असून एका गटाची डिस्क दुसऱ्या गटाच्या मूळ यंत्रात चालत नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगहून कोणी नातेवाइकाने आणलेले यंत्र जपानच्या गटात मोडते. त्यासोबत युरोपीय गटाच्या डिस्क विकत घेतल्या, तर दोन्ही वस्तू उत्तम असूनही उपयोग शून्य. म्हणून यंत्र आणि डिस्क यांचा गट एकच असल्याची खात्री करून मगच पुढे जावे.

आता यंत्राचे हृदय, म्हणजे डिस्क वाचणारा लेसर. वापराने झिजणारा हा भाग आणि सर्वाधिक तक्रारींचे मूळही हाच. दुकानदार यंत्र सुरू करतो, पडद्यावर निळसर मेनू येतो, ‘सब ठीक है’ असे सांगितले जाते आणि ग्राहक पाकीट उघडतो. मेनू दिसण्याचा आणि लेसर चांगला असण्याचा काहीही संबंध नाही. मेनू यंत्राच्या स्मृतीतूनच येतो. तपासणीची खरी सुरुवात डिस्क घातल्यावर होते. या यंत्राचे काही खेळ सीडीवर असून त्यांची खालची बाजू निळी दिसते. उरलेले बहुसंख्य खेळ डीव्हीडीवर आहेत. दोन्हींसाठी लेसर वेगवेगळ्या तरंगलांबीचा वापरला जातो, त्यामुळे एक प्रकार सुरळीत चालतो आणि दुसरा चालत नाही, असेही घडते. जाणकार ग्राहक म्हणूनच दोन्ही प्रकारची एकेक मूळ डिस्क घरून किंवा मित्राकडून घेऊन जातात. प्रत्येक डिस्क निदान पंधरा मिनिटे चालवून पाहावी. थंड यंत्र डिस्क वाचते आणि तापल्यावर अडखळू लागते, हा दोष पहिल्या दोन मिनिटांत उघड होत नाही. खेळाच्या मधली चित्रफीत तुटक दिसणे, आवाज खंडित होणे, यंत्रातून पुन्हा पुन्हा टकटक ऐकू येणे ही थकलेल्या लेसरची लक्षणे होत. शेवटी डिस्क बाहेर काढून तिच्या खालच्या बाजूवर नवा गोलाकार ओरखडा उमटला नाही ना, हेही पाहावे.

दुकानदाराने दाखविण्यासाठी रिकाम्या डिस्कवर उतरविलेली प्रत लावली, तर यंत्रात ‘चिप’ बसविली आहे का, असे स्पष्ट विचारावे. मूळ स्थितीतील यंत्र अशी प्रत चालवीत नाही. आपल्याकडे अशी यंत्रे मोठ्या संख्येने फिरली, हे लपविण्यात अर्थ नाही. पण उतरविलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होत असल्याने लेसरवर ताण पडतो आणि चिपसाठी आत केलेले डागकाम कोणी कसे केले असेल, हे बाहेरून कळत नाही. शिवाय प्रतिमुद्राधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. छेड न केलेले यंत्र थोडे महाग मिळाले तरी तेच घ्यावे.

काही दोष मात्र केवळ भाव कमी करण्याच्या उपयोगाचे. यंत्र दर वेळी तारीख आणि वेळ विचारत असेल, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती किरकोळ बाब आहे. वरच्या भागावरील ओरखड्यांचेही तसेच. कंट्रोलरच्या दोन गोल दांड्या सोडल्यावर मध्यभागी परततात का, हे मात्र खेळूनच तपासावे. मेमरी कार्ड ८ एमबीचे, सोनीचेच असावे. नकली कार्डांत महिनाभर खेळून साठविलेली प्रगती एका रात्रीत नाहीशी होते आणि मग मुलांची समजूत घालणे कठीण जाते.

घरचा टीव्हीही विसरू नये. या यंत्राला एचडीएमआयची सोय नाही; पिवळी, पांढरी व लाल टोके असलेली जुनी केबल लागते. नव्या टीव्हीला तशी खोबण आहे का, हे निघण्यापूर्वी मागे वाकून पाहावे. नसल्यास रूपांतरक घ्यावा लागतो. प्रकाशबंदुकीने खेळायचे खेळ तर केवळ जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीवरच चालतात. घरातला तसा टीव्ही भंगारात गेला असेल, तर ती बंदूक कितीही आकर्षक दिसली तरी घेऊ नये.

पर्याय म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ चे नाव पुढे येते. भारतात तो २००६ मध्ये आला. त्याच्या आरंभीच्या यंत्रांत लाल दिवे लागून यंत्र बंद पडण्याचा दोष इतका पसरला की, जुलै २००७ मध्ये कंपनीने हमी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली. त्यामुळे घ्यायचाच तर २०१० नंतरचा सडपातळ प्रकार पाहावा. त्याचे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले, म्हणून तेथेही विश्वास ठेवायचा तो हातातल्या डिस्कवरच.

किमतीबाबत एक उदाहरण घेऊ. समजा, एका ठिकाणी न तपासलेले यंत्र ३,००० रुपयांना मिळते. त्यावर मेमरी कार्ड ५००, दुसरा कंट्रोलर ७००, केबल ३०० आणि सहा महिन्यांनी लेसर बदलण्याचे १,२०० रुपये धरले, तर एकूण ५,७०० रुपये होतात. शेजारचा विक्रेता हे सर्व साहित्य देऊन, अर्धा तास चालवून दाखवून ५,००० रुपये मागत असेल, तर स्वस्त कोण, हे सांगायला नको.

व्यवहार शक्यतो समोरासमोर, यंत्र पाहून करावा. छायाचित्र पाठवून ‘फक्त आगाऊ रक्कम भरा, कुरिअर लगेच निघेल’ असे सांगणाऱ्या अनोळखी विक्रेत्याला पैसे पाठवू नयेत. पुढे ‘तुमचे पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असा निरोप आल्यास तेथेच थांबावे, कारण यूपीआयवर रक्कम स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून आपल्या बँकेलाही कळवावे. प्रत्यक्ष खरेदीत रक्कम देण्यापूर्वी साध्या कागदावर का होईना, पावती घ्यावी. तीत तारीख, रक्कम, विक्रेत्याची सही, परत घेण्याची मुदत आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवरील अनुक्रमांक लिहून घ्यावा. मुदतीच्या आत यंत्र परत नेण्याची वेळ आली, तर हेच ते यंत्र असल्याचे त्या अनुक्रमांकावरूनच दाखविता येते.