अळी कुणाची, हे सांगणारा लाल रंग

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला तलाव लागत नाही. कूलरची टाकी, अंगणातला रांजण, टाकून दिलेल्या टायरमधलं वाटीभर पाणी त्याला पुरतं. म्हणूनच आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरून भांडी रिकामी करायला लावतात, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात.

याच डासावरचा एक वेगळा उपाय मराठवाड्यात तपासायला घेतला गेला. जानेवारी २०१७मध्ये जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत जीबीआयटी आणि ब्रिटनची ऑक्सिटेक या कंपन्यांनी बंदिस्त पिंजऱ्यांतल्या चाचण्या जाहीर केल्या. यातले नर डास प्रयोगशाळेत वाढवलेले. नर चावत नाहीत. त्यांच्यात असा जनुक बसवलेला असतो की बाहेरच्या मादीपासून झालेली त्यांची बहुतेक संतती प्रौढ होण्याआधीच मरते. प्रयोगशाळेत टेट्रासायक्लिन देऊन तो जनुक दाबून ठेवतात.

पण मादीचा संयोग नेमका याच नरांशी झाला, हे ओळखायचं कसं? अळ्या तर सगळ्या सारख्याच. म्हणून मारक जनुकाला जोडूनच डीएसरेड२ या लाल प्रथिनाचा जनुकही घातलेला असतो. दोन्ही एकत्रच पुढच्या पिढीत जातात. अंडी गोळा करून उबवायची, सूक्ष्मदर्शकाखाली अळ्यांवर हिरवा प्रकाश टाकायचा आणि लाल चमकतील तेवढ्या मोजायच्या.

या प्रथिनाचं मूळ रूप, डीएसरेड, समुद्रातलं. मिखाईल मात्झ, सर्गेई लुक्यानोव आणि सहकाऱ्यांनी मॉस्कोत डिस्कोसोमा या प्रवाळाच्या भाईबंद प्राण्यात ते शोधलं आणि १९९९मध्ये जाहीर केलं. जेलीफिशचं हिरवं प्रथिन तेव्हा वापरात होतंच; पण पेशींची स्वतःची अंधूक चमक हिरव्या रंगात जास्त मिसळते, लाल रंग तिच्यातून स्पष्ट उठून दिसतो. मात्र डीएसरेडचे रेणू चार-चार मिळून चिकटतात. अख्खी अळी पाहायची तर त्याने बिघडत नाही. पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला ही खूण जोडली, तर तेच प्रथिन भलत्या जागी अडकतं. यावर उपाय म्हणून रॉजर त्सियेन यांच्या प्रयोगशाळेने २००४मध्ये एकएकटा राहणारा ‘एमचेरी’ घडवला.

खुणेची खरी किंमत ग्रँड केमन बेटावर दिसली. २००९मध्ये तिथे सोडलेले असे नर एकूण नरांच्या १६ टक्के होते. लाल अळ्या निघाल्या सुमारे १० टक्के. म्हणजे पाळलेला नर रानातल्या नराच्या निम्म्याहून थोडाच अधिक यशस्वी. पुढच्या वर्षी कितीतरी जास्त नर सोडले, तेव्हा डास सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याची नोंद संशोधकांनी केली.