रंगाआधीचा हात

प्रायमर म्हणजे रंगाआधी भिंतीला दिला जाणारा अस्तराचा हात. सिमेंटचा गिलावा वरून कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्यात असंख्य बारीक छिद्रे असतात आणि ती रंगातले पाणी शोषून घेतात. पाण्यासोबत रंगाला बांधून ठेवणारा चिकट अंशही आत ओढला जातो. मग वर राहते ती सुटी भुकटी, हात फिरवला की तळव्याला लागणारी. प्रायमर भिंतीचा शोषकपणा सगळीकडे सारखा करतो आणि वरच्या थराला पकड देतो. त्यामुळे महागाचे इमल्शन कमी लागते, शिवाय रंगात फिकट-गडद ठिगळे दिसत नाहीत.

दुसरे कारण रासायनिक आहे. ताज्या सिमेंटचा सामू १२ च्या वर असतो. इतकी तीव्र अल्कली तेलरंगातल्या तेलाचा साबण करते आणि रंग मऊ, चिकट होऊन सुटतो. म्हणून नव्या गिलाव्यावर पाणी मारणे संपल्यानंतर भिंत निदान चार आठवडे वाळू द्यावी आणि मगच अल्कली सोसणारा प्रायमर लावावा. अल्कली अजून जिवंत आहे का, हे हळदीवरून कळते. आडोशाचा कोपरा किंचित ओला करून चिमूटभर हळद लावली आणि ती लालसर झाली, तर भिंत अजून थांबायला सांगते आहे. हळदीत अल्कली मिसळून कुंकू करतात, त्यातली क्रिया हीच.

पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ही पूर्वतयारी विशेष कसून करावी लागते. भुसार मालाच्या गाळ्यांत पोत्यांच्या थप्प्या भिंतीलगत लागतात, त्यामुळे भिंत घासते आणि मागे हवा खेळत नाही. धान्याची धूळ आणि गुळाचा चिकटा यांवर प्रायमर धरत नाही. तो धुळीलाच चिकटतो आणि धुळीबरोबरच निघतो. चिकटा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन भिंत पूर्ण वाळवावी. जुना चुना किंवा डिस्टेंपर पत्र्याने खरवडावा, फुगलेले पोपडे काढावेत आणि भिंत पॉलिश पेपरने घासून पुसून घ्यावी. कारागिराचे अर्धे कसब या खरवडण्यातच असते आणि घाईत नेमके तेच वगळले जाते.

ओल ही प्रायमरच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. भाजीपाल्याच्या बाजूला फरशा वरचेवर धुतल्या जातात, पावसाळ्यात छपरे आणि पन्हाळी गळतात. अशा भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडावा आणि पाणी कुठून येते ते आधी शोधावे. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर भिंतीवर ठेवावा. सकाळी आत दव दिसले, तर काम पुढे ढकलावे. दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच रंगकाम हवे असते, पण पावसाळ्यात मुरलेली ओल सणाची तारीख पाहून वाळत नाही.

लांबी, म्हणजे पुट्टी, आधी की प्रायमर आधी, हा वाद जुना आहे. उत्तर लांबीवर अवलंबून आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी घट्ट बसण्यासाठी पाणी मागते, म्हणून ती ओलसर केलेल्या गिलाव्यावर थेट लावतात आणि घासून झाल्यावर प्रायमर देतात. अॅक्रिलिक पुट्टीला मात्र आधी प्रायमरचा एक हात लागतो आणि पुट्टी घासल्यावर दुसरा. दोन्ही रीतींत रंगाच्या लगेच खाली प्रायमरच असला पाहिजे, कारण पुट्टीही पाणी ओढते.

इमल्शनखाली पाण्यात मिसळणारा प्रायमर पुरेसा असतो. जुन्या गळतीचे तपकिरी डाग मात्र त्यातून पुन्हा वर येतात. गळती थांबवून तिथे टर्पेंटाइनमध्ये मिसळणारा प्रायमर लावावा. पाणी किती घालायचे, ते डब्यावर छापलेले असते. त्याहून जास्त घातले, तर डबा अधिक पुरतो, पण थर कमकुवत पडतो. गाळ्याच्या लोखंडी शटरला भिंतीचा प्रायमर चालत नाही. गंज घासून तिथे रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

प्रायमर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून भिंत पुसावी आणि फार दिवस न घालवता रंग सुरू करावा. दिवसभर मालाची चढउतार चालणाऱ्या आवारात उघड्या प्रायमरवर लगेच धूळ बसते, आणि रंग लांबला तर भिंत पुन्हा पुसूनच घ्यावी लागते.